माहिती देणाऱ्याची सही

"सर, मम्मी दोन आहेत का?"

वाशीतल्या व्हिसा सल्लागाराच्या ऑफिसात काचेपलीकडे बसलेल्या मुलीनं हे विचारलं, तेव्हा तिच्या आवाजात खवचटपणा नव्हता. एका हातात माझ्या लेकीचा पासपोर्ट आणि दुसऱ्या हातात जन्मदाखला धरून ती दोन्हींकडे आळीपाळीनं बघत होती. पासपोर्टच्या शेवटच्या पानावर आईचं एक नाव होतं, दाखल्यावर दुसरं. आडनाव तेच. मधलं नाव माझं, तेही तेच. पहिलं नाव तेवढं वेगळं.

शेजारी बसलेल्या लेकीनं माझ्याकडे बघितलं. काचेपलीकडच्या मुलीनं आवाज खाली आणला. "सॉरी हं सर, फाईलसाठी विचारावं लागतं. या पहिल्या मिसेस का?"

"नाही," मी म्हणालो. "एकच होती."

'होती' हे तिच्या लक्षात आलं. मग तिला फाईलच्या तळाशी लावलेला मृत्यूचा दाखला सापडला. सहा महिन्यांपूर्वीचा. ती खुर्चीतून अर्धवट उठली, पुन्हा बसली आणि लेकीला म्हणाली, "सॉरी यार." दोघी जवळपास एकाच वयाच्या होत्या.

माझ्या लेकीला परदेशातल्या एका विद्यापीठात खाडीकाठच्या चिखलाचा आणि खारफुटीचा अभ्यास करायला प्रवेश मिळाला होता, शिष्यवृत्तीसकट. ज्या खाडीचा वास येतो म्हणून कोपरखैरण्यात आम्ही वर्षानुवर्षं खिडक्या लावून घेतल्या, तिच्या चिखलापायी पोरीला इतक्या लांबून बोलावणं यावं, याचं मला तेव्हाही नवल वाटत होतं आणि अजूनही वाटतं. वर्ग सप्टेंबरात सुरू होणार होते. तोवर व्हिसा आला नाही तर जागा जाणार होती, आणि शिष्यवृत्ती पुढच्या वर्षासाठी राखून ठेवली जात नाही, असं पत्रात स्वच्छ लिहिलं होतं.

"बाकी फाईल एकदम टॉप आहे," काचेपलीकडची मुलगी म्हणाली. "हे एकच मिसमॅच. आता तिकडचा ऑफिसर, त्याला काय माहीत आपल्याकडे लग्नात बायकांची नावं बदलतात ते? त्याला वाटणार, कागद बनवलेत. दोन रस्ते आहेत. एक, बर्थ सर्टिफिकेट करेक्ट करून घ्या. मम्मीचं पासपोर्टवालं नाव टाका, विषय क्लोज. दोन, अ‍ॅफिडेव्हिट करा, की ही आणि ती एकच बाई. पण मग ऑफिसरच्या मूडवर आहे सगळं. मी म्हणेन, करेक्शनच करा. फाईल क्लीन पाहिजे."

दुरुस्तीच्या अर्जाला दोन जाणत्या माणसांच्या सह्या लागणार होत्या. एक माझी चालणार होती. दुसरी, ज्यानं जन्माच्या वेळी माहिती दिली त्याचीच असेल तर काम लवकर होईल, असं ती म्हणाली. जन्माच्या नोंदीच्या अर्जावर तळाशी एक ओळ असते, 'माहिती देणाऱ्याची सही'. आमच्या अर्जावर ती सही माझ्या मेव्हण्यांची होती.

बायकोची दोन्ही नावं मी इथे लिहीत नाही. एकच लिहिलं तर दुसरीवर अन्याय होतो, आणि दोन्ही लिहिली की पुन्हा दोन बायका दिसू लागतात. जन्माचं नाव तिच्या आजीनं ठेवलेलं, साताऱ्याकडे घराघरात सापडेल असं. दुसरं मी ठेवलं. आमच्यात लग्नाच्या संध्याकाळी ताटात तांदूळ पसरतात आणि नवरा अंगठीनं त्यात बायकोचं नवं नाव लिहितो. मग ते मोठ्यानं वाचतात, पेढे वाटतात, आणि तिथून पुढे सासरी कोणी तिला जुन्या नावानं हाक मारत नाही. मी शाळेतला ग्रंथपाल. त्या नावासाठी मी महिनाभर पुस्तकं चाळली होती. तीन अक्षरांचं, नाजूक, ओळखीत कुणाच्या घरी नसलेलं नाव शोधून काढलं आणि त्याचा मला फार अभिमान होता. ती मान खाली घालून ताटाकडे बघत होती. काय वाटलं, हे मी विचारलं नाही. विचारायचं असतं, हे मला ठाऊकच नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्या तांदळाची खीर झाली.

पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून लेक दिघ्यातल्या एका लहानशा नर्सिंग होममध्ये जन्मली. शाळेत परीक्षा चालू होत्या, मी दुसऱ्या दिवशी पोचलो. दाखला हातात आला तो महिन्याभरानं. आईच्या नावाच्या जागी माहेरचं नाव! "तुझ्या भावानं घोळ घातला," मी म्हणालो. मेव्हणे तिच्याहून चार वर्षांनी मोठे, तळोज्याच्या एका कारखान्यात मशीनवर. पुढच्या वेळी आले तेव्हा त्यांनी दारातच दोन्ही कान धरले. "चुकलं दाजी. सवयीनं लिवून गेलो."

तेव्हापासून ती आमच्या घरातली कायमची थट्टा झाली. दर भाऊबीजेला ते पाटावर बसले की मी म्हणायचो, "यांना काही लिहायला देऊ नका हो कोणी." गॅसचा फॉर्म असो, सोसायटीचा असो, मी सुरू व्हायचो, "मामांना विचारू नका, भलतीचंच नाव घालतील." ते हसायचे. बायकोही हसायची, आणि ओवाळता ओवाळता भावाकडे बघायची. त्या बघण्यात मला तेव्हा काही दिसलं नाही.

दाखला दुरुस्त करायचं मी तीन-चार वेळा मनावर घेतलं. दर वेळी तिच्याकडून काही ना काही निघायचं. पाहुणे यायचे आहेत. लेकीचं अंग गरम लागतंय. "असू दे, नंतर बघू." लेकीला माझ्याच शाळेत घातलं तेव्हा ऑफिसातल्या क्लार्कनं दाखला न बघता मी सांगितलं ते नाव लिहून घेतलं, आणि पुढचे सगळे कागद त्या नोंदीवरून झाले. घोळ कुणाचा म्हणायचा झाला, तर त्यात माझा वाटा चांगलाच मोठा होता.

बायको गेली त्या सकाळी मेव्हणे दिघ्याहून आले ते चपला जिन्यातच सोडून. तिच्या उशाशी बसले आणि त्यांनी हाक मारली. जुन्या नावानं. सोसायटीतल्या बायका एकमेकींकडे बघू लागल्या. हे कुणाला हाक मारतायत, त्यांना कळेना. खरं सांगायचं तर क्षणभर मलाही कळलं नाही.

रविवारी लेक आणि मी दुरुस्तीचा अर्ज घेऊन दिघ्याला गेलो. मेव्हण्यांचं घर टेकडीला टेकून आहे, पन्नासेक पायऱ्या चढून जावं लागतं. वहिनी गावाला गेल्या होत्या, म्हणून चहा त्यांनी स्वतःच टाकला.

"वाळलीस किती गं पोरी! फॉरेनला जायच्या आधीच फॉरेनची झालीस व्हय?"

"मामा, हा चहा आहे की पाक?"

"साखर कमी घातली असती तर म्हनली असतीस, मामा चिक्कू हाय."

लेकीनं अर्ज काढून त्यांच्यापुढे ठेवला. मी सवयीनं बोलून गेलो, "तुमचा जुना घोळ निस्तरायला आलोय. या वेळी फक्त सही करा. बाकी काही लिहू नका."

ते हसले नाहीत. एकेका ओळीवर बोट ठेवत त्यांनी अर्ज वाचला. चष्मा काढून घडी घातली.

"ह्याच्यावर मी सही करनार न्हाय, दाजी."

मला वाटलं, ते घाबरले. "अहो, काही होत नाही त्यानं. नजरचुकीनं लिहिलं गेलं, एवढंच आहे त्यात."

"त्येच तर. नजरचूक न्हवती."

लेकीनं कप खाली ठेवला.

"तिनंच सांगितलं हुतं," ते लेकीला म्हणाले, माझ्याकडे न बघता. "नर्सबाई कागद घिऊन आल्या. मी नवं नाव लिवायला घेतलं. पाठ करून गेल्तो मी, कुठं काना, कुठं वेलांटी. तू कुशीत, अशी एवढुशी. तर तिनं माझं मनगट धरलं. म्हनली, दादा, माझं लिव. म्हनलं, अगं, दाजी काय म्हनतील? तर म्हनली, म्हनू देत. पोरीच्या पहिल्या कागदावर मी पायजे. तू तुझ्यावर घे. तसाबी तू घोळच घालतोस."

"आणि तुम्ही घेतलं?"

"भैन हाय न्हवं माझी."

बाहेर पायऱ्यांवरून कुणीतरी पाण्याचे कॅन घेऊन चढत होतं, कॅन भिंतीला घासल्याचा आवाज येत होता. काहीतरी बोलायला हवं म्हणून मी म्हणालो, "बावीस वर्षं मी तुमची थट्टा केली."

"मजा यायची की," मेव्हणे म्हणाले. "तुमी बोलायचा अन् ती माझ्याकडं बगायची. आमचं दोगांचंच हुतं ते."

पुस्तक ग्रंथालयात आलं की आधी दाखल नोंदवहीत त्याचा क्रमांक चढतो. पुढे बांधणी बदलते, कव्हर जातं, पुस्तक एका कपाटातून दुसऱ्या कपाटात जातं, पण तो क्रमांक बदलत नाही. हे मी नव्या शिक्षकांना दर जूनमध्ये सांगत आलो. माझ्याच घरात एका बाईनं असा आपला क्रमांक जपून ठेवला होता, मी रोज तिच्या हातचा चहा पीत होतो, आणि मला पत्ता नव्हता. भांडण नाही, तक्रार नाही. एका ओळीत तिनं हवं ते करून घेतलं, त्याचं खापर भावाच्या डोक्यावर ठेवलं, आणि मग दर वर्षी माझ्यासमोर त्यालाच ओवाळलं. मला राग यायला हवा होता का, कुणास ठाऊक. देवळाच्या गाभाऱ्यातून बाहेर आल्यावर काही वेळ बोलवत नाही, तसं माझं झालं होतं.

सही न घेताच आम्ही पायऱ्या उतरलो.

आणि तरीही, हे लिहायलाच हवं, पुढचे दोन दिवस मला दुरुस्तीच हवी होती. गेलेल्या माणसाचं नाव कुठे जात नाही, लेकीची जागा जाईल, असं मी स्वतःला समजावत होतो. मेव्हण्यांच्या जागी दुसऱ्या कुणाची सही चालेल का, हे विचारायला त्या ऑफिसात फोनही लावला. चालेल, असं उत्तर आलं. तिसऱ्या दिवशी जेवताना मी लेकीला ते सांगितलं.

ती बराच वेळ भात कालवत राहिली. "बाबा, नाही गेले तरी चालेल, असं मी म्हणणार नाही. मला जायचंच आहे. खूप जायचंय. पण आईला खोडून नाही."

"खोडून कसं? दुसरं नावही तिचंच."

"तिचं की तुमचं?"

तिनं ते चिडून विचारलं नव्हतं. खरंच विचारत होती. एकदा मी बायकोचं नाव तिला न विचारता बदललं होतं. आता ते दुसऱ्यांदा बदलायला निघालो होतो, आणि या वेळी ती मनगट धरायला नव्हती. मी म्हटलं, अ‍ॅफिडेव्हिट करू.

"रिस्क आहे हं सर," काचेपलीकडची मुलगी म्हणाली. मग लेकीकडे बघून तिनं खुर्ची पुढे ओढली. "ओके. मग मजबूत करू. तुमचं एक, मामांचं एक. आणि मम्मीचा शाळा सोडल्याचा दाखला शोधा."

दाखला मेव्हण्यांच्या पत्र्याच्या पेटीत होता, दहा घड्या पडलेला. त्यावर तिचं जन्माचं नाव, वडिलांचं नाव, आणि खाली शाईनं लिहिलेलं : 'प्रगती चांगली. वर्तणूक चांगली.' तो कागद मी पहिल्यांदाच बघत होतो.

बेलापूरला नोटरीच्या टेबलापाशी टायपिस्टनं मला विचारलं, "कुठलं नाव आधी घेऊ?" जन्माचं, मी म्हणालो. 'माझी मयत पत्नी, विवाहापूर्वी अमुक व विवाहानंतर तमुक या नावाने ओळखली जाणारी, ही एकच व्यक्ती असून' हे वाक्य त्यानं सवयीनं एका दमात मारलं. मेव्हण्यांची पाळी आली तेव्हा मात्र त्याचा हात अडला.

"'अनवधानाने' टाकलंय काका. म्हणजे चुकून."

"ते काढा. मुद्दाम लिवलं हुतं मी."

"अहो काका, मुद्दाम लिहिलं तर केस होईल तुमच्यावर."

"मग 'तिच्या सांगन्यावरनं' लिवा. तिला कोन आत टाकनार हाय आता?"

टायपिस्टनं माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. त्यानं लिहिलं. मेव्हण्यांनी ते पुन्हा बोट ठेवून वाचलं आणि 'माहिती देणारा' या शब्दांखाली, बावीस वर्षांपूर्वी केली असेल तितकीच सावकाश, सही केली.

व्हिसाचा फॉर्म लेकीनं घरी कॉम्प्युटरवर भरला. मी शेजारी स्टूलवर. आईच्या नावाखाली एक चौकोन आला. तिनं मला तो मराठीत सांगितला. ही व्यक्ती आणखी कुठल्या नावानं कधी ओळखली जात होती का? असल्यास लिहा. मी तिला पुन्हा वाचायला लावलं. ज्या देशाचा आमच्याशी काडीचा संबंध नाही, तिथल्या कुणीतरी एका अनोळखी, गेलेल्या बाईच्या पहिल्या नावासाठी जागा सोडून ठेवली होती. आमच्या घरात, माझ्या ताटभर तांदळात ती जागा नव्हती. लेकीनं एकेक अक्षर टाइप केलं. चौकोन पुरेसा लांब होता.

मग वाट बघणं. मुंबईत जाऊन तिनं दहाही बोटांचे ठसे दिले, फोटो दिला, पासपोर्ट त्यांच्याकडे ठेवून आली. पाच आठवडे काही कळलं नाही. तिच्याबरोबर अर्ज केलेल्यांचे व्हिसा येऊ लागले तसं आमचं जेवणाच्या टेबलावरचं बोलणं कमी होत गेलं. मी मनातल्या मनात त्या ऑफिसराशी बोलायचो. साहेब, एकच होती. रोज तेच वाक्य. ऑगस्ट अर्धा उलटल्यावर लेक एकदा म्हणाली, "बाबा, नाही आला तर तुम्ही मामांना काही बोलायचं नाही." मी म्हटलं, मामांना बोलण्याचे माझे दिवस संपले.

आला. साध्या पाकिटातून, सोसायटीच्या वॉचमनच्या हातून. आत तिचा पासपोर्ट, मधल्या एका पानावर चिकटवलेला चकचकीत कागद, त्यावर तिचा गंभीर चेहरा. प्रश्न नाही, शेरा नाही. तिकडे कुणीतरी आमचे सगळे कागद वाचले होते, मेव्हण्यांचं 'तिच्या सांगण्यावरून' वाचलं होतं, आणि आमच्यावर विश्वास ठेवला होता. लेक पासपोर्ट छातीशी धरून स्वयंपाकघरात गेली आणि ओट्यापाशी उभी राहिली. मी तिच्या मागे गेलो नाही.

संध्याकाळी मेव्हणे पेढे घेऊन आले. व्हिसाचं पान त्यांनी लांबूनच बघितलं, हात लागेल म्हणून. मग शेवटचं पान उघडायला सांगितलं. तिथे आईचं नाव होतं, मी ठेवलेलं.

"हितं तुमचं हाय," ते म्हणाले. "दाखल्यावर आमचं. झालं की दाजी, फिट्टंफाट."

मी हो म्हणालो. फिट्टंफाट झालेली नाही, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

लेक गेली त्यानंतरच्या रविवारी मी एकटाच दिघ्याला गेलो. कशाला, हे मेव्हण्यांनी विचारलं नाही. तोच गोड चहा दिला. माझ्या घरात आलेल्या बाईला मी चोवीस वर्षं ओळखत होतो. त्याआधीची चोवीस वर्षं जी मुलगी या पायऱ्यांवरून चढउतार करत होती, तिच्याबद्दल माझ्याकडे एक शाळेचा दाखला होता, बस. मी कप खाली ठेवला आणि तिचं जन्माचं नाव घेतलं. तोंडातून पहिल्यांदाच, त्यामुळे जरा चुकीच्या सुरात.

"तिला काय आवडायचं हो? लहानपणी?"

मेव्हण्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. मग त्यांचा चेहरा हळूहळू उजळत गेला.

"भांडायला," ते म्हणाले. "सगळ्यांत जास्त भांडायला. अख्खी आळी टरकून असायची तिला. आरामात बसा दाजी. सांगतो."